धुक्यातला आल्टो

बसा हो, अशा उभ्या काय राहिलात? लाईट येईल आत्ता. हे आतल्या खोलीत फ्यूज बघतायत. वायरमनच्याच घरी अंधार म्हणून हसू येतंय ना? हसा बिनधास्त, मी लग्न झाल्यापासून हसतेय. झग्याचं माप काय, दिव्याच्या उजेडातही घेता येतं. हात जरा वर करा. हं, असा. चर्चच्या गायनवृंदात नव्या आलात, आल्टोत, बायकांच्या खालच्या आवाजात, उभ्या राहणार, म्हणजे माझ्या शेजारीच. पुढच्या महिन्यात डोंगरावरच्या परिषदेला याल, तिथे कोणीतरी तुम्हाला ही गोष्ट अर्धीमुर्धी सांगणारच. आमच्या जाऊबाई सांगतात तेव्हा सगळीकडे स्वतःलाच पुढे उभं करतात. त्यापेक्षा माझ्याकडून ऐका. सगळ्यात जास्त मी घाबरले होते, त्यामुळे मला नीट आठवतं.

तर आधी यांच्या आवाजाचं सांगते. आमचे हे टेनर, पुरुषांचा वरचा आवाज. साधासुधा टेनर नाही, गल्लीच्या तोंडाशी येऊन खाकरले तरी घरातलं मांजर उठून बसायचं. चर्चमध्ये वरच्या सुरावर गेले की पाळकसाहेबसुद्धा पुस्तकातून डोकं वर काढायचे. आणि भांडणात तर विचारूच नका. आम्ही दोघं भांडायला लागलो की शेजारीण रेडिओ बंद करून ऐकायची. मग त्यांच्या गळ्यात गाठ झाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, देवाची कृपा. पण जाताना आवाज घेऊन गेली. राहिली ती नुसती कुजबुज. डॉक्टर म्हणाले, "नस दुखावलीय. येईल परत, नाहीतर नाही येणार." एवढं तर मलाही सांगता आलं असतं, त्याला इतकं शिकायला कशाला हवं?

घर कसं झालं म्हणून सांगू. मला बोलवायचं तर ताटलीवर चमचा वाजवायचे. भांडणात काही रामच राहिला नाही. मी एकटी किती ओरडणार? समोरचा माणूस नुसता बघत राहतो. गायनवृंद त्यांनी सोडलाच. रविवारी शेवटच्या बाकावर बसायचे आणि गीत सुरू झालं की छतावरचे पंखे मोजत राहायचे. मला काही नको होतं हो. दागिना नको, साडी नको. त्यांचा तो आवाज एकदा, एकदाच परत कानावर पडावा, मग मी जन्मभर गप्प बसायला तयार होते. रोज रात्री प्रार्थनेत तेच मागायची.

म्हणून मी त्यांना परिषदेला ओढून नेलं. हे कुजबुजले, "मी तिथे येऊन काय करू?" म्हटलं, "माईकच्या वायरी जोडा. पण घरात बसून भिंतीकडे बघायचं नाही." एक शिट्टीही घेतली त्यांच्यासाठी, काही लागलं तर वाजवायला. ती पाहिल्यावर म्हणाले, "मी काय रेल्वेचा गार्ड आहे?" शिट्टी माझ्या पर्समध्येच राहिली.

बस घाट चढायला लागली आणि मंडळी अशी रंगात आली! आमच्या जाऊबाई सोप्रानो, बायकांचा सगळ्यात वरचा आवाज. प्रत्येक वळणावर त्यांना मळमळायचं आणि दोन वळणांच्या मधे त्या वरचा सूर लावायच्या. माझे दीर बासमध्ये, पुरुषांच्या खालच्या आवाजात, ते पिशवी धरून बसलेले. हेसुद्धा हसत होते, आवाज न करता, खांदे हलवून. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. वर पोचलो तर काय जागा हो ती! उंच सरळ झाडं, त्यांच्या चिकाचा वास, ओल्या लोकरीच्या ब्लँकेटांचा वास, मधोमध दगडी प्रार्थनागृह आणि त्याला चारी बाजूंनी व्हरांडा. वरच्या अंगाला झोपायच्या खोल्या आणि स्वयंपाकघर. खालच्या अंगाला एक खोल घळ. घळीच्या पलीकडे डोंगराची सोंड पुढे आलेली, तिच्या टोकाला एक बाक. बाकावर जायची पायवाट खालून नाही, वरच्या अंगाने लांबचा वळसा घालून जाते. हे लक्षात ठेवा. समोर दिसतंय म्हणून सरळ चालत गेलं तर माणूस घळीत.

पहिल्याच जेवणाला पाळकबाईंनी काचेच्या ग्लासावर चमचा वाजवला. पाळकबाई म्हणजे तिथल्या पाळकांच्या पत्नी, परिषदेचं सगळं त्याच बघतात. ठेंगण्या, गोऱ्यापान, नेहमी हसतमुख. म्हणाल्या, "इथे एकच नियम आहे. धुकं आलं की कोणी कोणाला शोधायला जायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. जे आत आहेत त्यांनी एका जागी उभं राहून गायचं. बाहेरच्यांनी गाण्याच्या रोखाने यायचं. आणि शेवटचा माणूस आत येईपर्यंत गाणं थांबवायचं नाही."

"हाका का नाही मारायच्या?" जाऊबाईंनी विचारलं.

"डोंगर हाका परत फेकतो," पाळकबाई म्हणाल्या. "आणि हाकेला ओ कोण देईल... ते काही सांगता येत नाही." असं म्हणून त्या पुन्हा हसल्या आणि सूप वाढायला लागल्या. आम्हीही हसलो. सूप फार छान होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारची तालीम. आमचे मास्तर तुम्हाला माहीतच आहेत. शाळेत गणित शिकवतात, गाणंही तसंच शिकवतात. संध्याकाळच्या उपासनेसाठी जे गीत बसवलं होतं, त्यात टेनरने एकट्याने म्हणायची एक ओळ आहे. ती कायम यांची. मास्तरांनी ती दातांच्या डॉक्टरला दिली. डॉक्टर माणूस चांगला, तोंड अगदी नियमाप्रमाणे उघडतो, पण त्या उघड्या तोंडातून बाहेर काही फारसं येत नाही. त्यांनी ती ओळ म्हटली आणि मी मागे वळून पाहिलं. हे माईकची वायर गुंडाळत होते. शांतपणे गुंडाळली, खुंटीला लावली आणि बाहेर गेले. मला त्यांची पाठ दिसली. उठावंसं वाटलं, पण म्हटलं, जाऊ दे, पुरुषमाणूस आहे, जरा एकटं राहू दे. बाकावर बसतील आणि चहाला येतील.

चहाच्या आधी धुकं आलं.

तुम्ही डोंगरातलं धुकं पाहिलंय? हळूहळू येतं म्हणतात, तसं काही नाही. मी खिडकीतून झाडं बघत होते, मान वळवून जाऊबाईंशी दोन शब्द बोलले, पुन्हा पाहिलं तर झाडं नव्हती. खिडकीच्या काचेवर कोणी पांढरं कापड शिवून टाकावं तसं. आवाजही बदलले. आमचं बोलणं आम्हालाच रजईखालून आल्यासारखं वाटायला लागलं. दगड भिजल्याचा वास सगळीकडे भरला. बरीच मंडळी बाहेर फिरायला गेलेली होती. कोणी हसत येत होतं, कोणी धडपडत येत होतं, दारात आल्यावर एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. मजाच चालली होती. मी मात्र दाराशी उभी. प्रत्येक येणाऱ्याच्या तोंडाकडे बघतेय. आमचे हे नाहीत.

मग मला दाराशी उभं राहवेना. कारण बाकीच्यांचं ठीक आहे, वाट चुकली तर ते ओरडतील. यांना ओरडताच येत नव्हतं. घळीत पाय घसरला तरी कोणाला कळणार नव्हतं.

नियम गेला चुलीत म्हटलं, आणि व्हरांड्याच्या कडेला जाऊन जीव खाऊन ओरडले, "अहो!"

आता जन्मात मी कधी यांचं नाव घेऊन हाक मारली नाही, तर त्या दिवशी कुठून सुचणार? "अहो! अहो, ऐकलंत का?" आणि काय सांगू तुम्हाला, धुक्यातून चारी बाजूंनी ओ आली! "आलो!" "अगं, इकडे आहे!" "काय झालं गं?" एकामागून एक तीन नवरे धावत आले. धापा टाकतायत, चिखलाने माखलेत, आणि माझं तोंड बघून खजील झालेत. एक तर मला "सॉरी ताई" म्हणाला आणि स्वतःच्या बायकोला शोधत आत गेला. सगळे पोट धरून हसले. मीही हसले हो, खोटं कशाला बोलू. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते.

चौथी ओ मात्र लांबून आली. खालून, घळीच्या बाजूने. बाईचा आवाज होता. "आले," एवढंच. मला वाटलं, असेल कोणीतरी.

पाळकबाईंनी मला खांद्याला धरून मागे घेतलं. "हाका नाहीत, ताई," त्या हळूच म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आता हसू नव्हतं. "मास्तर, गाणं सुरू करा."

आणि इथे मास्तरांनी घोळ घातला. असा घोळ गायनवृंदवालाच घालू शकतो. त्यांनी आम्हाला सवयीप्रमाणे आवाजांप्रमाणे वाटलं. सोप्रानो वरच्या व्हरांड्यात, आल्टो उजवीकडे, बास डावीकडे, आणि टेनर खालच्या व्हरांड्यात, घळीच्या तोंडाशी. म्हणाले, "चारी दिशांना आवाज जाईल. तोलही छान राहील." आम्हीही मेंढरांसारखे जाऊन उभे राहिलो. इतकी वर्षं तेच करत आलोय, 'टेनर' म्हटलं की टेनर हलणार, 'बास' म्हटलं की बास. तालमीतलंच गीत सुरू झालं. एक कडवं झालं, दुसरं झालं. चौघे-पाचजण धुक्यातून आले, पण कसे? गोल गोल फिरून, चक्रावून. एक बाई म्हणाली, "अहो, तुम्ही नक्की आहात कुठे? मला तर सगळीकडूनच ऐकू येताय."

ते ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं. सगळीकडून ऐकू आल्यावर माझा नवरा कुठे जाईल? टेनरकडे जाईल! त्याचे पाय दुसरीकडे वळणारच नाहीत. कुठल्याही चर्चमध्ये शिरला की डोळे मिटून टेनरच्या बाकाशी जाऊन उभा राहणारा माणूस तो. बाकावरून उठेल आणि त्या दातांच्या डॉक्टरच्या आवाजाच्या रोखाने सरळ चालत येईल. सरळ म्हणजे घळीत.

मी धावतच मास्तरांकडे गेले. "सगळ्यांना वरच्या दारात आणा! सगळ्यांना, एका जागी! टेनरला आधी उचला तिथून!"

"पण बाई, आवाजाचा तोल..."

"आवाजाचा तोल गेला खड्ड्यात! माझ्या नवऱ्याचा तोल गेला तर मी तुम्हाला सोडणार नाही!"

मास्तर इतके घाबरले की त्यांनी स्वतः धावत जाऊन डॉक्टरला बाहीला धरून ओढत आणलं. वरच्या दारात आम्ही सगळे दाटीवाटीने उभे राहिलो. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास, सगळी सरमिसळ. माझ्या एका बाजूला जाऊबाई, दुसऱ्या बाजूला माझे दीर. आणि असं एकत्र गाणं लागलं म्हणता! जन्मात इतकं चांगलं गायलो नव्हतो. जाऊबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती, तरी सूर हलत नव्हता. शेवटी त्यांचेही थोरले दीर ते. मास्तर हाताने ताल द्यायचं विसरून स्वतःच गात होते.

मी मात्र गात नव्हते. तोंड उघडलं, पण घशातून आवाजच निघेना. मी नुसती ओठ हलवत उभी होते आणि कानात प्राण आणून बाहेरचं ऐकत होते.

कडवं संपताना जाऊबाईंनी माझा हात दाबला. "आज काय आवाज लागलाय हो तुमचा," त्या म्हणाल्या. "तुमचाच आल्टो सगळ्यांच्या वर ऐकू येतोय."

जाऊबाईंनी माझं कौतुक करणं हेच मुळात नवल. पण मी गात नव्हते.

मग मी ऐकलं. आल्टो खरंच लागला होता. भरीव, स्वच्छ. माझ्याशिवाय आल्टोत तिघीच. एकीला सर्दी, एक कायम सोप्रानोच्या मागे वाहवत जाते, आणि तिसरीचा आवाज समोरच्या बाकापर्यंतही जात नाही. हा आवाज आमच्यातून येत नव्हता. तो समोरून येत होता. धुक्यातून. पायवाटेच्या बाजूने, हळूहळू जवळ येत... मी मनात म्हटलं, डोंगर परत फेकतोय, दुसरं काय. पण गीताच्या तिसऱ्या ओळीत, मधेच, शब्द तोडून मी श्वास घेते. घ्यायचा नसतो. मास्तर कित्येक वर्षं त्यावरून माझं डोकं खातायत, माझी सवय काही जात नाही. धुक्यातल्या आवाजाने तिसऱ्या ओळीत, बरोबर तिथेच, शब्द तोडून श्वास घेतला.

आणि मी तर त्या वेळी श्वास रोखून उभी होते.

तेवढ्यात धुक्यातून हे आले. घळीकडून नाही, पायवाटेने, अगदी मजेत. केस भिजलेले, बुटांना चिखल, आणि तोंडभर हसू. सगळ्या मंडळीतून असा आनंद उसळला म्हणून सांगू! पाळकबाईंनी तर उडीच मारली. मी लोकलाज सोडून त्यांच्या गळ्यात पडले. जिवात जीव आला माझ्या. मग शुद्धीवर येऊन रागावले, "एवढा वेळ कुठे होता? अक्कल आहे की नाही?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग माझ्या कानाशी कुजबुजले, "कुठे होतो म्हणजे? तूच नाही का आणलंस?"

"मी?"

"मी सरळ निघालो होतो, डॉक्टरच्या आवाजाकडे. तू मधेच येऊन हात धरलास. म्हणालीस, 'तिकडून नाही, इकडून.' आणि गात गात आणलंस वळशाने. किती दिवसांनी तुझ्याबरोबर असा चाललो गं..." त्यांचा डावा हात अजून अर्धवट मिटलेला होता. "हात मात्र बर्फासारखा झाला होता तुझा. आणि इथे दाराशी आल्यावर सोडवून का घेतलास? म्हणालीस, 'तुम्ही आत व्हा. अजून एक जण राहिलाय, त्याला घेऊन येते.'"

मी स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. माझे हात तर घामाने ओले झाले होते. मागे पाळकबाई बोटाने माणसं मोजत होत्या. एकदा मोजली, पुन्हा मोजली.

"सगळे आत आलेत," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी थांबायची खूण केली. गाणं थांबलं. आणि धुक्यात... आल्टो चालूच राहिला. एकटाच. आमच्याकडे पाठ करून, खाली खाली, घळीच्या दिशेने जात होता.

दिरांनी दार लोटून घेतलं आणि कडी घातली. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझे ओठ मिटलेले होते. त्या एक पाऊल मागे सरकल्या.

"कोणाला... कोणाला आणायला गेलीय?" त्यांनी विचारलं.

पाळकबाई मात्र खमक्या. "ते आपल्याला काय करायचंय?" त्या म्हणाल्या. "नियम नियम आहे. कोणीतरी बाहेर आहे. शेवटचा आत येईपर्यंत गायचं. मास्तर, सुरू करा."

मग आम्ही पुन्हा गायलो. दार बंद, बाहेर पांढरा अंधार, आत सगळे एकमेकांना चिकटून. आणि खरं सांगू? भीती होती, पण गाण्यात काहीतरी होतं, सगळ्यांच्या चेहऱ्यावर एक उजेड आला होता. माझाही गळा सुटला. मी गायले. आता आल्टो दोन झाले, एक आत, एक बाहेर. तिसऱ्या ओळीला आम्ही दोघींनी मिळून चुकीचा श्वास घेतला.

मग टेनरची ती एकट्याची ओळ आली. डॉक्टरने नियमाप्रमाणे तोंड उघडलं, आणि तसंच उघडं ठेवलं. कारण ओळ आधीच सुरू झाली होती. बाहेर. घळीतून वर येत होती. तो आवाज आमच्या मंडळीत कोणाला ओळखू येणार नाही? ज्याने मांजर उठून बसायचं, तो आवाज. बरोबर आल्टो होता, त्याला धरून, वळशाने आणत होता. पायवाटेवरून... पायऱ्यांवरून... व्हरांड्यात... दाराशी.

हे माझा दंड धरून कुजबुजले, "माझा आहे तो. दार उघड."

मी मान हलवली. नको. बाहेर मी आहे आणि आतही मी आहे, दार उघडल्यावर कोणती राहील? माझी पाचावर धारण बसली होती.

"उघड ना गं," ते म्हणाले. लहान मुलासारखं तोंड केलं होतं. त्या तोंडाकडे पाहिलं आणि मला वाटलं, इतके दिवस मी मागितलं ते दाराशी येऊन उभं आहे, आणि मी कडीला हात लावायला घाबरतेय? मी कडी काढली.

धुकं आत आलं. दुसरं काही नाही. फक्त थंडगार धुकं, आणि त्याच्याबरोबर एक वास. शिवणयंत्राच्या तेलाचा. माझ्या हातांना असतो तो. आणि ओळीचा शेवटचा भाग माझ्या शेजारून आला. यांच्या तोंडातून! छातीतून, भरून, पूर्वीसारखा! प्रार्थनागृहाच्या काचा हलल्या. ओळ त्यांनी संपवली आणि मग जो काही गलका झाला! मास्तर ढसाढसा रडले. डॉक्टरने टाळ्या वाजवल्या, दिरांनी यांना उचलूनच घेतलं. मी तिथेच दाराशी खाली बसले आणि हसत रडत राहिले. आता हे काय बोलतात, मला काय म्हणतात, त्याची वाट बघत होते मी. इतक्या दिवसांनंतरचा पहिला शब्द.

ते दिरांच्या खांद्यावरून खाली उतरले. वळले. माझ्या डोक्यावरून, उघड्या दाराकडे बघितलं. आणि इतक्या मायेने, इतक्या स्वच्छ आवाजात म्हणाले, "ये ना, आत ये. किती भिजलीस."

मग जरा बाजूला सरकले, कोणाला तरी वाट देतात तसे. आणि दार स्वतःच्या हाताने लावून घेतलं.

त्या रात्री जेवण इतकं छान झालं! यांनी मधे उभं राहून गायलं, तीनदा गायलं. गळ्याचे डॉक्टर नंतर म्हणाले, "नस जागी झाली असणार, कधी कधी होते अशी." असेलही. नसांमधलं मला काय कळतंय? पण मी सुखी आहे हो. खरंच सांगते, फार सुखी आहे. घरात पुन्हा आवाज आहे, गाणं आहे, कडाक्याची भांडणं आहेत. शेजारीण पुन्हा रेडिओ बंद करते. जन्मभर गप्प बसेन म्हटलं होतं, ते देवाने काही मनावर घेतलेलं दिसत नाही. यांना मी एकदाच विचारलं, "त्या दिवशी आत कोण आलं?" तर म्हणाले, "तूच की." पुन्हा विचारलं नाही. माणूस परत मिळाला, आवाज परत मिळाला, त्यात आणखी खोलात कशाला शिरा?

हं, आली बघा लाईट. केलं एकदाचं दुरुस्त. आता बोलावतील बघा...

ऐकलंत? "अगं, चहा टाकतेस का?" कसा खणखणीत आवाज आहे ना?

हो, तेही ऐकलंत का तुम्ही? स्वयंपाकघरातून. "टाकते हं," म्हणाली.

माझ्या तोंडाकडे काय बघताय अशा? नाही, मी नाही बोलले. बसा हो, घाबरू नका, माप अर्धंच झालंय. तिचं काही नाही, ती नुसती ओ देते. उठून चहा मात्र अजून मलाच करावा लागतो.